सह्याद्रीत वाघ आहे. पण वाघीण आहे का?

जानेवारी २०२०च्या पहिल्या आठवड्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीच्या रानात एक वाघ मेलेला सापडला. आजूबाजूला शोध घेतल्यावर आणखी तीन. एक वाढलेली वाघीण आणि तिची तीन मोठी होत आलेली पिल्लं. वाघांनी गावातल्या गुरांवर हल्ला केला होता आणि त्यांनी मारलेल्या जनावराच्या मढ्यात कुणीतरी विष कालवून ठेवलं होतं. काही नखंही उपटून नेलेली होती.

त्याआधी कित्येक वर्षं गोव्यात एक वाद चालू होता: राज्यात वाघ राहतो की नुसता येऊन जातो? सरकारी उत्तर ठरलेलं होतं. गोव्यात वाघाचा मुक्काम नाही, तो शेजारच्या कर्नाटकातून वाट चुकल्यासारखा येतो आणि परत जातो. गोळावलीच्या त्या चार मढ्यांनी या उत्तरातली हवाच काढून घेतली. लेक बाळंतपणाला माहेरी येते, वाटेत लागलेल्या धर्मशाळेत थांबत नाही. जी वाघीण तीन पिल्लं सांभाळत एका रानात हिंडते, तिला पाहुणी म्हणणं कठीण आहे.

तरीही वाद मिटला नाही. तो का मिटत नाही आणि ‘वाघ आहे की नाही’ या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला नेमकं काय करावं लागतं, हे पाहण्यासारखं आहे. कारण हा प्रश्न एकट्या गोव्याचा नाही. कोयनेपासून चांदोली, राधानगरी, आंबोली, तिळारी, म्हादई आणि पुढे कर्नाटकातल्या भीमगड आणि काळीपर्यंत सह्याद्रीची जी सलग रांग आहे, त्या सगळ्या रांगेचा तो प्रश्न आहे.

आधी लोकांच्या सांगण्याकडे वळू. घाटमाथ्यावरच्या कुठल्याही गावात विचारा, वाघ पाहिलेला माणूस भेटतोच. त्यातला बहुतेक ‘वाघ’ हा बिबट्या असतो. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात बिबट्यालाही सरसकट वाघच म्हणतात. खरा वाघ सांगायचा असला की ‘पट्टेरी’ किंवा ‘ढाण्या’ असं जोडावं लागतं. सिंधुदुर्ग-गोव्याच्या दाट, ओल्या रानात काळा बिबट्याही दिसतो, म्हणजे गोंधळात आणखी एक भर. बिबट्यांची संख्याही लक्षात घ्या. २०२२च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत आणि ते उसाच्या फडापासून डोंगरकड्यापर्यंत कुठेही राहतात. तेव्हा ‘काल रात्री गोठ्यामागे वाघ होता’ या वाक्यातला वाघ बिबट्या निघण्याचीच शक्यता जास्त. पण याचा अर्थ गावकऱ्यांचं सांगणं मोडीत काढावं असा नाही. जो गवळी धनगर पिढ्यान्‌पिढ्या गुरं घेऊन त्या रानात फिरतो, त्याला म्हैस कुणी मारली हे मढं बघून कळतं. बिबट्याला पूर्ण वाढलेली म्हैस सहसा झेपत नाही. वाघ बहुतेक वेळा मागच्या पुठ्ठ्यापासून खायला सुरुवात करतो, बिबट्या पोटाकडून. अशा माणसाची साक्ष पुरावा नसली, तरी कॅमेरा कुठे लावावा हे सांगायला ती पुरेशी असते.

देवही साक्ष देतात. सत्तरीत वाघ कोरलेल्या दगडी मूर्ती आहेत, केरीजवळच्या डोंगराचं नावच वाघेरी आहे. कोकणात वाघजाई आहे, उत्तरेकडे वारल्यांचा वाघदेव आहे. या रानात माणूस आणि वाघ शेकडो वर्षं शेजारी होते, एवढं यातून नक्की कळतं. आज तिथं वाघ आहे का, हे मात्र देव सांगत नाही.

मग पुरावा म्हणजे काय?

आपल्याकडे बरीच वर्षं पुरावा म्हणजे पाऊलखूण होती. १९६०च्या दशकात ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी ही पद्धत बसवली. उन्हाळ्यात ठरलेल्या काही दिवसांत वनरक्षक पाणवठे आणि जंगलवाटा धुंडाळायचे, वाघाच्या मागच्या डाव्या पायाचा ठसा काचेवर रेखून घ्यायचे, प्लास्टरचा साचा काढायचे. प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो, असं गृहीत धरून मोजणी व्हायची. कर्नाटकातले वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी कैदेतल्या वाघांचे ठसे जाणकारांसमोर ठेवून परीक्षा घेतली तेव्हा ठशांवरून वाघ नेमके किती, हे त्यांना सांगता आलं नाही. पद्धतीचा पायाच कच्चा होता. पण बरीच वर्षं ती तशीच चालली.

ती कोसळली राजस्थानात. सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००४च्या गणनेत १६ ते १८ वाघ कागदावर होते. २००५ उजाडलं तेव्हा तिथं एकही नव्हता. शिकाऱ्यांनी सगळे संपवले होते आणि कागदावरचे वाघ मात्र सुखरूप होते. त्यानंतर पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झालं आणि दर चार वर्षांनी कॅमेऱ्यांच्या मदतीनं देशभर वाघांचा अंदाज काढायला सुरुवात झाली. सरिस्काचा हा धडा सह्याद्रीत उलटा वाचावा लागतो. तिथं नसलेले वाघ मोजले गेले. इथं असलेले वाघ मोजले न जाण्याची भीती आहे.

ट्रॅप कॅमेऱ्याचं काम जवळून पाहिलं की ही भीती का आहे ते समजतं. प्राण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दोन झाडं निवडतात, समोरासमोर, पण थोडी तिरकी, म्हणजे एकाचा झोत दुसऱ्याच्या भिंगात जात नाही. साधारण गुडघ्याच्या उंचीला पट्ट्यानं कॅमेरे आवळतात. पुढचं गवत कापतात, नाहीतर वाऱ्यानं हलणाऱ्या पात्याचेच शेकडो फोटो येतात. दोन कॅमेरे लागतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. दोन्ही बाजू एकदम मिळाल्या तरच ‘हा तोच’ असं छातीठोकपणे म्हणता येतं. कुठलेही दोन वाघ घ्या, त्यांचे पट्टे जुळत नाहीत. संगणक जुळवणी करून देतो आणि शेवटी माणूस नजरेनं खात्री करतो. मग महिन्याभरानं कार्ड काढायचं. त्यात गायी, रानडुकरं, साळिंदरं, गावठी कुत्री, मोळी घेऊन जाणाऱ्या बाया आणि कॅमेऱ्याकडे वाकून बघणारा एखादा पोरगा. २०१८च्या देशव्यापी मोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यातून ३ कोटी ४८ लाख फोटो मिळाले आणि त्यांत वाघाचे होते ७६,६५१. हे सारा देश धरून, ताडोबा-कान्हा-बांदीपूर धरून. जिथं हजार चौरस किलोमीटरला दोन-तीनच वाघ असतील, तिथं वाघाचा एक फोटो मिळायला किती रात्री लागतील याचा अंदाज करा. त्यातून सह्याद्रीतला पाऊस. जूनपासून चार महिने कॅमेरे लावणं म्हणजे ते पाण्यात घालणं. सडे शेवाळलेले, वाटांवर जळवा, ओढे ओलांडता येत नाहीत.

म्हणून ‘फोटो मिळाला नाही’ या वाक्यापुढे लगेच विचारायला हवं: किती कॅमेरे, किती दिवस, कुठे? शोध पुरेसा झाला नसेल तर ‘नाही’ला काही अर्थ नाही. फोटो मिळाला, तर मात्र एकच पुरतो.

गोव्यात असे पुरावे गोळावलीच्या आधीच हाती आले होते. २००९मध्ये सत्तरीतल्याच केरीच्या रानात वाघ मारला गेल्याचं प्रकरण उघड झालं. मोबाइलवर काढलेला फोटो बाहेर आला आणि पर्यावरण कार्यकर्ते राजेंद्र केरकर यांनी ते लावून धरलं. २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी म्हादईला व्याघ्र प्रकल्प करा असं गोव्याच्या मुख्यमंत्र्यांना कळवलं. २०१३मध्ये म्हादईत ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला. देशव्यापी अंदाजात गोव्यापुढे २०१४ साली ५, २०१८ साली ३ असे आकडे लागले. थोडक्यात, वाघ येत नाही असं म्हणायची सोय कधीच संपली होती. म्हणून मग ‘येतो, पण राहत नाही’ ही दुसरी तटबंदी उभी राहिली.

महाराष्ट्राच्या बाजूला गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. इथं व्याघ्र प्रकल्प आधी झाला, वाघ मागून आले. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०१०मध्ये जाहीर झाला. पुढची आठ वर्षं ठसे मिळत, विष्ठा मिळे, पण फोटो नव्हता. ‘वाघांशिवायचा व्याघ्र प्रकल्प’ अशी टिंगल होत राहिली. मे २०१८मध्ये अखेर एक नर वाघ कॅमेऱ्यात आला. आणि खरी मौज पुढे आहे. दोन वर्षांनी, २०२०मध्ये, हाच वाघ कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात टिपला गेला. दोन ठिकाणांमध्ये सरळ रेषेत दोनशे किलोमीटरांहून जास्त अंतर आहे. वाघ सरळ रेषेत चालत नाही, तेव्हा त्यानं कापलेली वाट त्याहून बरीच लांब असणार. पट्टे जुळवून मिळालेल्या या दोन फोटोंनी एक गोष्ट कोणत्याही भाषणापेक्षा पक्की केली: चांदोली आणि काळीची रानं अजून एकमेकांना जोडलेली आहेत.

डिसेंबर २०२३मध्ये पुन्हा एक नर चांदोलीत दिसला. तो त्याआधी राधानगरी अभयारण्यात टिपला गेला होता. मग आणखी दोन आले. वनखात्यानं त्यांची नावं ठेवली सेनापती, सुभेदार आणि बाजी. नावांना साजेसे तिघंही नर.

इथंच या सगळ्या वादाची गाठ आहे.

वाघाच्या समाजात लेक आणि लेकाची वागणूक वेगळी असते. दीड-दोन वर्षांचे झाल्यावर दोघंही आईपासून वेगळे होतात. वाघीण शक्यतो आईच्या इलाख्याला लागूनच आपला इलाखा बसवते, कधीकधी आईच आपला एक तुकडा तिला सोडून देते. नराला मात्र बापाच्या आणि इतर नरांच्या हद्दीतून बाहेर पडावं लागतं आणि तो चालत सुटतो. किती चालतो याला सुमार नाही. २०१९मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, पुढे ‘वॉकर’ या नावानं ओळखला गेलेला रेडिओ कॉलर लावलेला नर तेलंगणातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. शेतं, महामार्ग, गावांच्या कडा असं करत त्यानं जवळपास ३,००० किलोमीटर पायपीट केली. डिसेंबर २०२४मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट सोलापूर-धाराशिवच्या सीमेवर, बार्शी आणि येडशी रामलिंगच्या रानात येऊन राहिला. बार्शीत वाघ! कुणी आधी सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. फेब्रुवारी २०१९मध्ये गुजरातच्या महिसागर जिल्ह्यात एका शाळामास्तरांनी रस्त्यात दिसलेल्या वाघाचा मोबाइलवर फोटो काढला. गुजरातेत पाव शतकाहून जास्त काळ वाघ नव्हता, त्यामुळे आधी कुणी मानायला तयार नव्हतं. वनखात्यानं कॅमेरे लावले, वाघ खराच निघाला. आणि त्याच महिन्यात तो मेलेला सापडला.

या सगळ्या नरांनी एकच गोष्ट सिद्ध केली: वाघ कुठेही पोचू शकतो. पण पोचणं आणि नांदणं यांत फरक आहे. ज्ञानगंगेत वॉकरला पोट भरण्यापुरतं सावज मिळालं, जोडीदारीण मिळाली नाही. एखाद्या रानात नराचा फोटो मिळाला म्हणजे तिथवरची वाट शाबूत आहे, एवढंच कळतं. तिथं वाघांची वस्ती आहे की नाही, हे वाघिणीवरून ठरतं. ती पिल्लं वाढवते का, पिल्लांना पुरेल एवढं भक्ष्य तिथं आहे का, माणसाच्या वावरापासून दूर पडणारी जागा तिला दोन वर्षं मिळते का. म्हणून ‘सह्याद्रीत वाघ आहे का’ हा प्रश्न मला आता अपुरा वाटतो. वाघ आहे, हे निकालात निघालेलं आहे. विचारायचं ते वाघिणीबद्दल.

आणि वाघिणीचं गणित पोटाशी बांधलेलं आहे. एका वाघाला वर्षाला साधारण ५० मोठी सावजं लागतात. हे दरवर्षी पुरायचं तर त्याच्या मागे सुमारे ५००चा कळप उभा पाहिजे, म्हणजे मुद्दल शिल्लक राहतं. ताडोबासारख्या समृद्ध रानात वाघिणीचं वीसेक चौरस किलोमीटरांत भागू शकतं. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या थंड जंगलात तिला चारशे चौरस किलोमीटरही लागतात. सह्याद्री या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. इथं गवा आहे, सांबर आहे, भेकर आणि रानडुक्कर आहे. पण घाटमाथ्याच्या सदाहरित रानात चितळांचे ते मध्य भारतातले कळप नाहीत. गवा मोठा आणि धोक्याचा. वाघ वासरांवर किंवा दुबळ्या गव्यावर डोळा ठेवतो. चांदोलीत बाहेरून चितळ आणून सोडण्याचे प्रयत्न झाले ते याचसाठी. सावज कमी पडलं की वाघ गावच्या गुरांकडे वळतो आणि मग गोळावली घडते.

वाघिणी आपल्या पायांनी काळीपासून चांदोलीपर्यंत यायला पिढ्या जातील, कारण त्या टप्प्याटप्प्यानं, आईच्या शेजारी आपलं घर मांडत सरकतात. मधल्या प्रत्येक रानात एक-एक वाघीण आधी नांदावी लागेल. म्हणून महाराष्ट्रानं वेगळा मार्ग धरला. ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ सह्याद्रीत आणायला केंद्रानं २०२५मध्ये परवानगी दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ताडोबाची एक तरुण वाघीण चांदोलीत आणली गेली. हा निर्णय मला पटतो, पण एका अटीवर. वाघिणी आणून सोडणं सोपं आहे. त्यांच्या मुलींना दक्षिणेकडे सरकायला जी वाट लागेल ती राखणं अवघड आहे.

ती वाट सिंधुदुर्गातून जाते. आंबोली, सावंतवाडी, दोडामार्ग, तिळारी. याच वाटेनं कर्नाटकातून आलेले हत्ती दोन दशकांहून जास्त काळ दोडामार्गात ठाण मांडून आहेत, तेव्हा वाट मोठ्या जनावरांना माहीत आहे यात शंका नाही. पण इथल्या रानाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. मालक झाडं तोडून काजू, अननस, रबर लावतात. त्यामागे त्यांची रोजीरोटी आहे. पण रबराच्या सरळ रांगांत सांबर थांबत नाही आणि सांबर नाही तिथं वाघीण थांबत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २०१३मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली आणि मार्च २०२४मध्ये तिथली २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करायला सांगितलं. सरकारनं २०२०मध्ये तिळारीत २९.५३ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र केलं, पाठोपाठ आंबोली-दोडामार्गचंही. नकाशावर मणी ओवले जाताहेत. दोन मण्यांमधल्या दोऱ्याची काळजी मात्र अजून पुरती कुणाच्या खात्यात नाही.

पुन्हा गोव्याकडे येऊ, कारण राजकारण तिथं जास्त रंगलं. गोळावलीनंतर गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेनं उच्च न्यायालयात धाव घेतली. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं म्हादई आणि लगतची क्षेत्रं तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा, असा आदेश दिला. कायद्याचा मुद्दा सोपा होता. वन्यजीव संरक्षण कायद्यात व्याघ्र प्राधिकरणानं शिफारस केली की राज्यानं तो प्रकल्प अधिसूचित करायचा असतो; शिफारस आवडली तर स्वीकारू, नाहीतर नाही, अशी मोकळीक राज्याला नाही, असं न्यायालयाला वाटलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण केंद्रीय उच्चाधिकार समितीकडे सोपवलं आणि समितीनं नोव्हेंबर २०२५मध्ये टप्प्याटप्प्यानं जायला सुचवलं: आधी काळी व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेली, कमी घरांची नेत्रावळी आणि खोतीगाव अभयारण्यं, म्हादई नंतर.

सरकारचा युक्तिवाद असा की गोवा लहान, अभयारण्यं अरुंद, त्यांत गावं. प्रकल्प झाला की हजारो लोक विस्थापित होतील. गावकऱ्यांची भीती मी खोटी मानत नाही. सत्तरीतल्या कुळागरांवर, काजूच्या बागांवर, गवळ्यांच्या गुरांवर पोट असलेल्या माणसाला ‘कोअर’ आणि ‘बफर’ हे शब्द ऐकूनच धडकी भरते. जंगलात मेलेल्या म्हशीची भरपाई वेळेवर आणि पुरती मिळाली असती तर विषाची बाटली कदाचित उघडली नसती. पण भीती आणि कायदा वेगळे आहेत. सत्तरीतल्या ज्या जमिनीबद्दल बोलणं चाललंय ती १९९९मध्येच, राज्यपाल जे. एफ. आर. जेकब यांच्या काळात, अभयारण्य झालेली आहे. तिथले निर्बंध आजही लागू आहेत. वनहक्क मान्य केल्याशिवाय आणि संमती घेतल्याशिवाय व्याघ्र प्रकल्पातून कुणाला उठवता येत नाही. हे गावोगाव जाऊन समजावून सांगायचं काम कुणाचं होतं? ज्यांचं होतं, त्यांनीच भीतीला खतपाणी घातलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात एक विसंगती आहे, तिच्याकडे फार लोकांचं लक्ष जात नाही. म्हादईचं पाणी कर्नाटकानं वळवू नये म्हणून गोवा वर्षानुवर्षं भांडतो आहे. २०१८मध्ये लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, त्याविरुद्धही गोवा लढतो आहे. म्हादई व्याघ्र प्रकल्प झाला तर वरच्या अंगाला पाणी वळवण्याच्या कुठल्याही कामाला व्याघ्र प्राधिकरणाचा अडसर येईल. म्हणजे गोव्याच्या हातात आपलं पाणी राखायला वाघाइतका सबळ वकील दुसरा नाही. तोच वकील राज्य सरकार स्वतःहून परत पाठवतं. अभयारण्याच्या आसपासच्या खनिज जमिनी आठवल्या की या कोड्याचा उलगडा थोडाफार होतो.

राहिला ‘मुक्कामी की पाहुणा’ हा प्रश्न. मला तो आता अप्रस्तुत वाटतो. व्याघ्र प्रकल्प आधीच असलेल्या वाघांना दिलेलं बक्षीस नव्हे. उद्या जिथं वाघ नांदू शकेल असं रान राखून ठेवण्यासाठी तो असतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आठ वर्षं फोटो मिळाला नव्हता, तरी तिथलं रान राखलं गेलं आणि म्हणून सेनापतीला यायला जागा उरली. म्हादईत तर वाघिणीनं पिल्लं वाढवली होती. पुरावा मागणाऱ्यांनी तो मढ्यांच्या रूपात पाहिला, एवढंच.

शेवटी तुमच्या-आमच्या हातातलं. घाटात फिरताना एखाद्या ओढ्याकाठी मोठा ठसा दिसला तर लगेच ‘आमच्या घाटात पट्टेरी’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. आधी नीट बघा. नखांच्या खुणा दिसत असतील तर ते बहुधा कुत्रं आहे. वाघ-बिबट्या नखं आत ओढून चालतात. शेजारी आगपेटी ठेवून वरून सरळ फोटो काढा, म्हणजे माप कळतं. बिबट्याचा पंजा साधारण दीड आगपेटीएवढा असतो, दोन आगपेट्यांच्या पुढे गेला तर वाघाची शंका घ्यायला हरकत नाही. उतारावरच्या ओल्या मातीत पाय घसरून ठसा पसरतो, तेव्हा सपाट जागेवरचा दुसरा ठसाही शोधा. तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा आणि जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाला किंवा महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. समाजमाध्यमांवर जागेचं नाव मात्र कधीही लिहू नका. वाघ बघायला गर्दी येते आणि त्या गर्दीत फासे लावणाराही असतो.